खिडकीजवळचं रिकामं स्टूल

आमचं पॅकिंग खातं बुजवलेल्या विहिरीवर उभं होतं. कंपनी येण्याआधी तिथं मळा होता आणि त्या विहिरीत एका सासुरवाशिणीनं जीव दिला होता, असं भोसरीहून कामाला येणाऱ्या बायका सांगत. १९७० नंतरची ही वर्षं. मी आणि माझी थोरली जाऊ, दोघी तिथं औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरत होतो.

खिडकीजवळ बसणारी बाई काम सोडून गेली होती. तिचं रिकामं स्टूल एका संध्याकाळी ओलं दिसलं. पावसाळा कधीच सरला होता, नळ शेडबाहेर होता. कुणीतरी म्हणालं, "विहिरीतली बसून गेली." दुसऱ्या दिवशी स्टुलापुढच्या फरशीवर हळद-कुंकू पडलं. जवळ कुणी जाईना. स्टूल अधूनमधून ओलं होत राहिलं.

जाऊ सुरुवातीला हसायची. "बसू दे की. ओव्हरटाइम तर मागत न्हाई!" मग तिचं हसणं थांबलं. जेवण कमी झालं. एक दिवस घरी येताना म्हणाली, "मी काम सोडते." थोरल्या दिरांचा हात मशिनीत गेल्यापासून तिच्याच पगारावर तिचं घर चाललं होतं.

मी कारण विचारलं. तिनं आधी मागं कुणी येत नाही ना, ते पाहिलं.

"ते स्टूल पयल्यांदा मीच ओलं केलं."

धाकट्याच्या बाळंतपणानंतर खोकलं, शिंकलं, जड उचललं की तिला लघवी आवरत नसे. त्या संध्याकाळी भरलेलं खोकं उचलताना तसंच झालं. बाकीच्या हात धुवायला गेल्यावर तिनं आपलं स्टूल खिडकीजवळ ठेवलं आणि तिथलं कोरडं आपल्या जागी आणलं. पुढंही दोनदा तेच केलं.

"मग भीती कशाची?"

"मंगळवारी मी रजेवर व्हते. तरी वलं व्हतं. मी तिच्यावर खोटा आळ घातला, आता ती खरीच येतीया."

त्यानंतर मलाही खिडकीकडे पाठ करून बसवेना. हातगाडी गेली की फरशीखालून पोकळ आवाज येई. तो आधीही येत असणार. मी ऐकला नव्हता.

भुताचं माझ्या हातात काही नव्हतं. लघवीसाठी मी तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तपासून डॉक्टरीणबाईंनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे धाडलं. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात ते आवळायचे, थोडं धरायचे, पूर्ण सैल सोडायचे, श्वास कोंडायचा नाही, असं त्यांनी शिकवलं. फरक पडायला महिने लागतील, हेही सांगितलं.

"हे बाळंतिणींचंच दुखणं ना?" जाऊनं विचारलं.

"छे! जुनाट खोकला असलेल्या पोरी येतात, ओझं उचलणाऱ्या येतात, पाळी गेलेल्या येतात. लघवीच्या जागेचं ऑपरेशन झालेले पुरुषसुद्धा. काहींचे स्नायू उलट ताठलेले असतात, त्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं."

 दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जाऊनं डबा उघडला नाही. "खिडकीजवळची मी हाय," ती म्हणाली, आणि स्टुलांची अदलाबदल सांगून टाकली.

कुणी हसलं नाही. खात्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईनं पदरानं तोंड पुसलं. "मंगळवारची मी."

"मला वाटलं, मी एकटीच," दम्यानं खोकणारी, लग्न न झालेली पोरगी म्हणाली. "मी नाही ठेवलं त्या दिवशीही ओलं दिसायचं. मला तर तापच भरला होता."

जाऊनं दवाखान्यातलं सगळं सांगितलं. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मग बोलणं थांबलं आणि रांगेतल्या बायका एकदम स्तब्ध झाल्या. हात मांडीवर, डोळे समोर, चेहऱ्यावर काही नाही. कोण आवळतंय, कोण सैल सोडतंय, हे दिसण्यासारखं नव्हतं. दिवसाउजेडी माझ्या अंगावर काटा आला.

सुपरवायझर दारात कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. पन्नाशी उलटलेले गृहस्थ. ऑपरेशनसाठी मोठी रजा घेऊन नुकतेच कामावर आले होते.

"काय हो बाई, काम सोडताय म्हणे?"

"न्हाई साहेब. ऱ्हाते."

"बरं." ते वळले, पण गेले नाहीत. पुन्हा बोलले तेव्हा आवाज अगदी खाली होता. "तो दवाखाना पुण्यात नेमका कुठं?"