तारघरातली तुटलेली तार

तापलेल्या तांब्याचा वास आला की मला अकोल्याचं तारघर आठवतं, कारण कापसाच्या त्या तेजीत मी तिथे तारबाबू होतो आणि व्यापारी मुंबईचा भाव विचारत दिवसभर दारात उभे असत. आभाळातली वीज यंत्रात न शिरता जमिनीत उतरावी म्हणून खिडकीखाली तांब्याची तार खोल पुरलेली होती. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या आणि ती तार तुटली. मला दिसलं होतं, पण कामाच्या गर्दीत आज-उद्या करत आठ दिवस गेले. मग एका दुपारी वादळी पाऊस आला. "बाबू, तुमी मांगं व्हा, यंत्रातून लाइन मी सोडवतो," म्हणत खांब-तारा सांभाळणारे चाचा यंत्राकडे धावले, आणि हात लागताच तारेवरून आलेल्या विजेचा खोलीभर निळा उजेड झाला, चाचा कोसळले. कुणी ओरडलं, "मातीत गाडा त्याइले, माती वीज वढून घेते!" आम्ही हातांनी चिखल उकरून त्यांना गळ्यापर्यंत पुरलं. धावत आलेली त्यांची बायको, चाची, त्यांच्या तोंडावरचं पाणी पुसत मला विचारत होती, "बाबू, हे डोये काहून उघडून नाही राहिले?" अंधार पडेपर्यंत आम्ही बसून होतो. ते उठले नाहीत. पुढे दर ईदेला चाची मला शिरखुर्मा पाठवायची, "तुमी लय धडपडले" म्हणायची. तुटलेल्या तारेचं मी तिला कधीच सांगितलं नाही. आता ती नाही, म्हणून इथे लिहितो आहे.