ती बाई काय म्हणाली

“थांबा, आता ती बाई मुद्द्याचं बोलणार हाय,” असं म्हणून चाचा टीव्हीचा आवाज बारीक करायचे, खुर्चीवरून उठायचे आणि पडद्यावरच्या गोऱ्या बाईच्या वतीनं आम्हांला सांगायचे, “ती म्हणून राहिली, हे रान त्या लोकांचं हाय. आपण उपरे. इथं राहायचं तर त्यांना विचारून राहू.”

धर्माबादला मिरचीच्या मोंढ्यामागे त्यांचं व्हिडिओ पार्लर होतं. पत्र्याचं छत, लाकडी बाकडी, एक टीव्ही. मी तेव्हा एका आडतीवर कामाला होतो आणि आमची घरं एकाच गल्लीत; गल्लीत मुसलमानाचं घर तेवढं त्यांचंच. सौद्याची वाट पाहणारे शेतकरी आणि हमाल दुपारी तिथं येऊन बसत. त्यांच्या कपड्यांना मिरचीचा खकाणा, त्यामुळे सबंध खोली शिंकत असे.

हिंदी कॅसेटी झिजल्या की चाचा त्यांची लाडकी इंग्रजी कॅसेट लावत. घोडे, टोप्या, बंदुका. गाड्यांमधून गोरे लोक येतात, माळावर गाव वसवतात. डोक्यात पिसं खोवलेले तिथले मूळचे लोक चालून येतात आणि शेवटी बंदूकवाला नायक त्यांना पार हुसकावून लावतो. इंग्रजी आम्हांला कुणालाच येत नव्हतं. चाचा सांगतील तोच पिक्चर.

एकदा एका हमालानं विचारलं, “चाचा, रान त्यांचं हाय, तर हा टोपीवाला त्यांनाच का मारून राहिला?”

“भ्यालाय,” चाचा म्हणाले. “दुसऱ्याच्या जागेत घर बांधलं की माणूस लई भितो.”

तुम्हीही पुष्कळ पिक्चर पाहिले असतील. नायक जिंकतो आणि एकही माणूस टाळी वाजवत नाही, असं कुठं पाहिलंत? आम्ही पाहिलं.

मग घरोघरी केबल आली, पार्लर बंद पडलं. चाचा त्याच जागेत मोबाइलची कव्हरं विकू लागले. नांदेडला शिकणाऱ्या माझ्या मुलीनं मागच्या वर्षी तो पिक्चर मोबाइलवर शोधून दिला, खाली हिंदी अक्षरांसकट. त्या बाईचा प्रसंग आला आणि मी वाचतच राहिलो. ती म्हणत होती, ही जनावरं आहेत, एकालाही सोडू नका.

मी तसाच उठून चाचांकडे गेलो.

“मला कुठं इंग्रजी येतं?” चाचा हसले. “तिचं तोंड बघून सांगायचो. एवढी रडवेली बाई आणखी काय बोलणार?” मग थोड्या वेळानं म्हणाले, “खरंच तसं म्हणली का ती?”

“हो.”

ते कव्हरं पुसत राहिले.

थंडीत गल्लीतल्या पोरांनी चौकात पडदा लावायचं ठरवलं. बापांकडून त्यांनी चाचांच्या पिक्चरबद्दल ऐकलं होतं. मी विचारलं, “आता काय सांगणार, चाचा?” ते म्हणाले, “माझंच सांगणार. तिला अक्कल न्हाई, तर मी काय करू?”

संध्याकाळी चौक भरला. चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. बाई पडद्यावर आली. चाचांनी माइक तोंडाजवळ धरला. “हे रान त्या लोकांचं हाय. आपण उपरे...”

“चाचा,” पुढच्या रांगेतून एका आडत्याचा पोरगा ओरडला, “मग आपल्या गावात उपरं कोण हाय, तेबी सांगा की!”

लोक हसले. माझ्या बरोबरीचेही हसले. वाईट शब्द कुणी काढला नाही, नुसते हसले.

“मी ह्याच गल्लीत जन्मलो, बाबा,” चाचा माइकवरच म्हणाले.

“भाषण नको, पिक्चर सांगा!” मागून कुणीतरी म्हणालं.

मी उभा राहून ओरडलो, “अरे, त्यांना बोलू द्या!”

“बोला की. कुणी अडवलंय?” तो पोरगा म्हणाला आणि पुन्हा हशा झाला.

चाचांनी माइक बंद करून खुर्चीवर ठेवला. पिक्चर इंग्रजीतच पुढे चालू राहिला. पिसंवाला एकेक माणूस घोड्यावरून पडला की शिट्ट्या वाजत होत्या. रागावून गेले असं कुणी म्हणू नये म्हणून चाचा शेवटपर्यंत बसून राहिले.

उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं आणि ते निजामाबादला लेकीकडे निघाले. सामान टेम्पोत चढवायला तोच पोरगा सगळ्यांच्या आधी आला. कपाट त्यानं जवळजवळ एकट्यानं उचललं. “चाचा, येत जा बरं का. गल्ली तुमचीच हाय,” तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या पोराला काही आठवतच नव्हतं.

परवा मी फोन केला. मागं टीव्ही मोठ्यानं चालला होता.

“काय पाहताय, चाचा?”

“तेलुगू काहीतरी लागलंय.”

“समजतं का?”

“न्हाई. एक अक्षर समजत न्हाई,” ते म्हणाले. “लई बरं हाय.”