आजचं माप

गिऱ्हाईक म्हणालं, "जरा घट्ट शिवा, मी बारीक होणार आहे," की शिंपीणबाई फटकारायच्या, "होणाऱ्या अंगाचे कपडे मी शिवत नाही. आजचं माप द्या!"

जग त्यांना जन्मापासून पुरुष समजत आलं होतं. चाळिशीत त्यांनी ठरवलं, आता बाई म्हणूनच जगायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध हळूहळू वाढवू. दर तीन महिन्यांनी रक्त तपासू. अंग बदलायला दोन-तीन वर्षं लागतील."

यांना कुठला धीर! घरी येताच तीन वर्षांनंतरचं अंग डोळ्यांसमोर आणून त्यांनी ड्रेस शिवला. घालून बघतात तर छातीत ढगळ आणि कमरेत इतका घट्ट, की श्वास घेता येईना.

काज-बटणं करत बसलेली आई पोट धरून हसली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान! ये इकडे, उभी राहा सरळ."

आईने टेप लावून माप घेतलं. घरातल्याच दुकानात मापाच्या दोन वह्या होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची. तिने काही न विचारता बायकांची उघडली, नव्या पानावर "माझी लेक" असं लिहिलं, खाली आजची तारीख आणि माप टाकलं. बाकीचं पान कोरं ठेवलं.

"दर तपासणीनंतर एक ओळ लिहू," ती म्हणाली. "घाई कसली? पान तुझंच आहे."