एक जूनची निता

शिरड शहापूरहून आत वळलं की तांड्याच्या अलीकडे एक आश्रमशाळा लागते. तिथले खेळाचे मास्तर म्हणजे हट्टा गावचे भीमराज सर. या माणसानं जन्मात बेसबॉलचा एक सामना डोळ्यांनी बघितलेला नव्हता. दहा दिवसांचं शिबिर केलं, तिथून एक पुस्तिका आणि चार ग्लोव्ह घेऊन आले, आणि तांड्यावरच्या पोरींना बेसबॉल शिकवायला लागले. लोक हसले. हसणाऱ्यांच्या बापाचं काय जातंय? सरांनी युरियाच्या पोत्यांत भुसा भरून बेस, म्हणजे पळताना गाठायच्या गाद्या, शिवल्या आणि कामाला लागले.

शिकवायचं म्हणजे तरी काय, मुळाक्षरंच. चेंडू दोन्ही हातांनी धरायचा, एका हाताची ऐट नको. उजव्या हातानं फेकायचं तर डावा पाय पुढं. मारला की बॅट टाकून द्यायची आणि पळत सुटायचं. ही शेवटची गोष्ट पोरींच्या गळी उतरता उतरेना. टीव्हीवर क्रिकेट बघून वाढलेली लेकरं ती, बॅट छातीशी धरूनच पळायची. वर्षभर ओरडून ओरडून सरांचा घसा बसला.

निताला मात्र कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. नेमसिंग आणि भिकाबाईची ही धाकटी. होती नववीत, पण वर्गातल्या पोरींच्या जेमतेम खांद्याला लागायची. अंगात मूठभर जीव, आणि फेक अशी की सरांचा ग्लोव्हमधला तळवा लाल व्हायचा. सरांनी मनात सगळं पक्कं करून टाकलं होतं. हिंगोलीच्या जिल्हा स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या संघाची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, निता. तिथून विभागाची स्पर्धा. तिथं कुणाच्या डोळ्यात भरली तर सरकारी क्रीडा प्रबोधिनी, राहून खाऊन बारावीपर्यंत शिक्षण. नेमसिंगलाही त्यांनी हे समजावलं होतं आणि त्यानंही मान डोलावली होती.

मग अर्ज भरायला सरांनी प्रवेशाचं रजिस्टर उघडलं आणि निताच्या नावाची ओळ शोधली. निताची जन्मतारीख, एक जून दोन हजार अकरा. चौदाखालच्या गटाला दोन हजार बाराच्या आधीचा जन्म चालत नाही. आणि ती तारीख ज्या अक्षरात होती, ते अक्षर सरांचं स्वतःचं होतं.

त्याचं असं झालं होतं. आठ वर्षांपूर्वी पहिलीचा पट दोनानं कमी पडत होता. पट भरला नाही तर एक मास्तर जास्तीचा ठरणार, आणि सगळ्यांत नवे तर भीमराज सरच. तेव्हा ते तांड्यावर घरोघर हिंडले. नेमसिंगच्या अंगणात चार वर्षांची निता शेळीच्या मागं पळत होती. सरांनी तिला शाळेत आणलं आणि सहा पुरे दाखवायला एक जून टाकून दिला. अर्ध्या शाळेचा जन्म एक जूनचाच की! पोरगी शाळेत आली, मास्तर नोकरीत राहिला, तेव्हा कुणाला त्याची तकलीफ होती? पुढं आधार कार्डही त्याच दाखल्यावरून निघालं.

पुरावा शोधायला सर भिकाबाईकडं गेले. ती म्हणाली, धाकट्या दिराच्या लग्नाच्या पुढच्या साली, हरभरा काढायच्या दिवसांत, घरीच झाली. हिशेब लावला तर दोन हजार तेराचा फेब्रुवारी निघाला. पण ग्रामपंचायतीत नोंद नव्हती, दवाखान्याचा कागद नव्हता. हरभऱ्याला कोण साक्षीला बोलावणार?

शेवटी सरांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं, की ही तारीख मी चुकीची टाकली, पोरीचं तेरावं चालू आहे. ते पत्र घेऊन हिंगोलीच्या मैदानात नावनोंदणीच्या टेबलापुढं उभे राहिले. नोकरीवर गदा आली तर येऊ द्या, असं ठरवूनच आले होते. टेबलावरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"सर, वय कमी करायला येणारा प्रत्येक जण हेच लिहून आणतो," तो म्हणाला.

सरांनी शपथ घेतली, पोरगी पुढं उभी केली, तिची उंची दाखवली. तेव्हा खोटं लिहिलं, आता खरं सांगतोय, म्हणाले. त्या माणसानं विचारलं, यातलं खरं कोणतं हे मी कशावरून ठरवू? त्याचंही बरोबरच होतं. त्यानं निताच्या नावावर लाल रेघ मारली. सतराखालचा संघ शाळेकडं नव्हताच.

तिच्या जागी संघातल्या शिलानं पिचिंग केलं. निता दोरीबाहेर बसून तिला सारखी डावा पाय, डावा पाय म्हणून सांगत राहिली. पोरी पहिल्याच सामन्यात हरल्या. सरांना तिच्याकडं बघवेना.

येताना जीपमध्ये ती सरांच्या शेजारी बसली. औंढा मागं पडल्यावर तिनं विचारलं.

"सर, तुमीच लिवलं ना ते? मग तुमीच खोडा की."

सर कोर्ट, वकील, प्रतिज्ञापत्र असं काहीबाही सांगायला लागले. एवढ्याशा पोरीला काय सांगायचं?

"न्हाई खोडता येत, बाळा," ते म्हणाले.

तांड्यावर उतरल्यावर त्यांनी स्वतः नेमसिंगला सगळं सांगितलं, आपली चूक न लपवता. तो चिडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. पण तो बोटांवर मोजायला लागला.

"म्हंजे कागदावर पंधरावं चालू हाय. सोयरे तिच्या लग्नाचं दोन बार इचारून गेले, सर. खेळाचं व्हऊन राहिलंय, अन् लेकरू हाय अजून, लई साल हायेत, असं मी सांगत व्हतो. आता अठराला साडेतीनच राहिले व्हय?"

सर घाईनं मध्येच बोलले.

"न्हाई नेमसिंग, तेरा बी पुरे न्हाईत तिला. अजून पाच वर्षं हायेत."

"कुठं लिवलंय ते, सर?" नेमसिंगनं विचारलं. भांडायला नव्हे, खरंच ठाऊक करून घ्यायला.