भेगेचा आकडा

शिवणकाम करून पोट भरणाऱ्या त्या बाईनं अडतिसाव्या वर्षी भूगर्भशास्त्र शिकायला कॉलेजात नाव घातलं, तेव्हा गल्ली म्हणाली, "झंपर मोजून भागलं नाही, आता डोंगर मोजणार." टेपवाली हे नाव तिला तेव्हाच चिकटलं.

कॉलेज चार खोल्यांचं. शिकवणी निम्मी बाहेर, गावच्याच मातीवर, गावच्याच उतारांवर. तिच्या वाट्याला टेकडीतली भेग आली, आणि भेग नेमकी थोरल्या भावाच्या परसात. दोन्ही बाजूंना तिनं एकेक लोखंडी खुंटी ठोकली. दर शनिवारी मधलं अंतर मोजायचं, किती वाढलं ते वहीत लिहायचं. दहा सेंटिमीटरच्या वर गेलं की सर कचेरीला कळवणार आणि भावाचं घर रिकामं होणार.

दोन, पाच, सात. मग आकडा सातावरच बसला. सहा आठवडे सात. वहिनी चहा देताना म्हणायची, "दमला गं बाई डोंगर."

सातव्या शनिवारी उतारावर तिचा पाय सटकला. आधाराला तिनं खालची खुंटी धरली, तर ती अलगद हातात आली. खुंटीच्या जागेपलीकडे पाला सारून पाहिलं. बुजवलेली भोकं होती, एकापुढे एक. वरच्या खुंटीपासून सगळ्यात लांबच्या, जुन्या भोकापर्यंत तिनं टेप लावला. वाढ एकोणीस.

भाऊ पायरीवर बसून नळाची तोटी घासत होता. नळदुरुस्ती हाच त्याचा धंदा.

"दादा, खुंटी तू सरकवतोस?"

"सुतळीला साताच्या मापाची गाठ मारून ठेवलीय. माप धरायला तूच तर शिकवलंस."

"रात्री अंगावर येईल रे सगळं."

"आणि आईला कुठे नेऊ? तुझ्या खोलीत? तिनं पाय लांब केले तर तुझं दार लागायचं नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, "सात लिही. आई आहे तोवर लिही. फार दिवस नाहीत तिचे."

आत भावाची दोन्ही पोरं आजीच्या खाटेखाली खेळत होती. तिनं एकोणीस लिहिलं.

चौथ्या दिवशी घराला कचेरीचं कुलूप लागलं. अंथरुणाला खिळलेल्या आईला एका गोदामाच्या खोलीत हलवलं. तिथे ती वीस दिवस जगली. टेपवाली आईला भेटायला गेली तेव्हा भावानं तिला दारातूनच परत पाठवलं. वहिनी मागे उभी होती, तिनंही ये म्हटलं नाही.

याला दोन वर्षं झाली. टेकडी तशीच उभी आहे. भाऊ भेटेल त्याला विचारतो, "कुठे पडली?"

कॉलेजनं मोजणीचं काम तिच्याकडेच ठेवलंय. दर शनिवारी ती त्या बंद घराच्या मागे उकिडवी बसते. गेल्या वेळी एकेचाळीस होतं. आकडा वाढला की तिला बरं वाटतं. हे तिनं एकदा सरांना सांगून टाकलं. सरांनी वही तिच्यापुढे सरकवली.