‘बरं झालं’ लिहिणारे कुरामोची

कुरामोची नोरियुकी आणि मी जपानमधल्या साकाता गावच्या एका डेंटल लॅबमध्ये शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो. आम्ही कवळ्या बनवायचो. त्यांच्याकडे दातांची मांडणी, माझ्याकडे घासून चकाकी आणणं. दिवसभर कानाशी यंत्राची घरघर, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. कुरामोचींना ते फार मानवायचं. सकाळी येताना मान हलवायचे, जाताना मान हलवायचे. लग्न केलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, ह्या माणसाच्या डोक्यात बहुधा दातच असणार.

मग एकदा आमच्या मालकांनी, ओनोदेरांनी, फोन माझ्यापुढे केला. ‘‘मिनेतासान, हे बघा. आपला मुका इथे बोलतो.’’

इंटरनेटवर कुरामोचींचं एक पान होतं, कुणालाही उघडून वाचता येईल असं. नाव, ‘आज वाचलं’. नेटवर जे जे वाचतील त्याचा दुवा तिथे ठेवायचे आणि खाली आपली एक ओळ. कुणा बाईंनी मांजराचं वजन कसं उतरवलं, तो लेख. खाली कुरामोची : ‘मांजराची बाजू ऐकायला मिळाली नाही.’ पेन्शनच्या नव्या नियमांची माहिती. खाली : ‘दोनदा वाचलं. दोनदा म्हातारा झालो.’ मी तोंडावरचा मास्क काढून हसले. रोजचं चारपाच तरी असायचं, वर्षानुवर्षांचं.

मी त्यांना विचारलं, ‘‘कशासाठी हो हा खटाटोप?’’

‘‘एकदा एक फार चांगला लेख वाचला होता,’’ ते म्हणाले. ‘‘नंतर सापडलाच नाही. कशाबद्दल होता तेही आठवेना. नुसतं चांगला होता एवढंच राहिलं. फार चिडचिड झाली.’’

‘‘मग आपल्यापुरतं ठेवायचं. लोकांना कशाला दाखवायचं?’’

‘‘लोकांना दिसणार म्हटलं की मी खोटं लिहीत नाही,’’ ते म्हणाले आणि यंत्र चालू केलं.

दुपारी आम्ही जेवायला कोपऱ्यावरच्या ‘हामानासु’मध्ये जायचो. रामेनचं, म्हणजे सूपातल्या नूडल्सचं, छोटं दुकान. आत्सुमीसान कढईपाशी, त्यांच्या पत्नी किनुकोसान बाहेर गिऱ्हाइकांपाशी. कुरामोची कायम जेवणाच्या लांब कट्ट्याच्या टोकाला बसायचे, वानतानच्या पातळ करंज्या घातलेलं रामेन खायचे, पैसे ठेवायचे, मान हलवायचे आणि जायचे.

आत्सुमीसानचे गुडघे कामातून गेले होते. वाडगा पुढे करताना ते डाव्या हाताने कट्टा धरायचे. हे आम्ही सगळेच बघत होतो. त्या हिवाळ्यात गावच्या वर्तमानपत्राच्या साइटवर बातमी आली, ‘हामानासु’ मार्चअखेर बंद होणार. कुरामोचींनी ती वाचली, दुवा ठेवला आणि खाली लिहिलं, ‘बरं झालं.’

बस्स. दोन शब्द.

टोकियोतल्या कुणा खाद्यप्रेमी माणसाने, ज्याचे हजारो वाचक होते, ते उचललं. ‘चाळीस वर्षांचं दुकान बंद होतंय आणि त्याच गावचा माणूस म्हणतो, बरं झालं.’ मग जे सुरू झालं ते विचारू नका. दगडाच्या काळजाचा, जळकुकडा, रिकामटेकडा, सगळी विशेषणं लागली. लोकांनी मागच्या ओळी उकरल्या. मांजराच्या ओळीवरून ते प्राण्यांचा छळ करणारे ठरले, पेन्शनच्या ओळीवरून म्हाताऱ्यांचे वैरी.

‘‘काढून टाका ना ते,’’ ओनोदेरा म्हणाले. ‘‘दोन शब्द तर आहेत!’’

‘‘वाचलं तेव्हा तेच वाटलं. आत्सुमीसानना आता बसता येईल. काढलं तर खोटं होईल.’’

‘‘अहो, तुमच्या खरेपणापायी उद्या आपल्याला काम देणाऱ्या डॉक्टरांचे फोन येतील मला!’’

शेवटी कुरामोचींनी खाली खुलासा लिहिला. आत्सुमीसानचे गुडघे, कट्टा धरणारा हात, सगळं. त्यावर लोक म्हणाले, आता सारवासारव चालली आहे. कुणी म्हणालं, परक्याच्या आजाराची जाहिरात करतो, लाज नाही. कुरामोचींनी त्या दिवशी एका कवळीत दात उलटा बसवला आणि ती मुकाट्याने मोडून पुन्हा करायला घेतली. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

दुपारी आम्ही नेहमीसारखे जेवायला गेलो. कुरामोची आपल्या टोकाच्या जागी बसले. किनुकोसान आल्या. मागे पातेलं रटरटत होतं, गिऱ्हाइकं सूप ओरपत होती.

‘‘कुरामोचीसान, नूडल्स संपल्या,’’ त्या म्हणाल्या.

कुरामोचींनी पातेल्याकडे पाहिलं नाही. ते उठले, कमरेतून वाकले आणि बाहेर गेले. माझं मात्र डोकं फिरलं.

‘‘किनुकोसान, त्यांच्या मनात तसं नव्हतं. आत्सुमीसानच्या गुडघ्यांबद्दल होतं ते.’’

‘‘मला कळत नाही असं वाटतं तुला?’’ किनुकोसाननी फडकं कट्ट्यावर आपटलं. ‘‘सेंदाईहून माझ्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, तुमच्या गावाला तुम्ही नकोसे झालात का? तिला काय सांगू मी? आणि ऐक, इतकी वर्षं हा माणूस त्या खुर्चीवर बसला. छान झालंय म्हणाला कधी? आज मीठ जास्त पडलंय, एवढं तरी? जगात कुणाच्याही मांजराबद्दल ह्याला मत आहे. आमच्याबद्दल तोंड उघडलं ते कधी, तर दुकान बंद करताना!’’

हे मी लॅबमध्ये येऊन कुरामोचींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी हातातलं मेण खाली ठेवलं.

‘‘पण ते वाचलेलं नव्हतं ना,’’ ते म्हणाले. ‘‘खाल्लेलं होतं. मी वाचलेल्याबद्दल लिहितो.’’

‘‘लिहायचं कोण म्हणतंय? बोलायचं होतं!’’ मी ओरडलेच.

दुकानाच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं लवकर निघालो. कुरामोचींनी दोन वाक्यं ठरवली होती. लॅबच्या जिन्यात ती पुटपुटतानाही मी ऐकली. पण बातमी वाचून कुठकुठले लोक आले होते. रांग मासळीबाजाराच्या वळणापर्यंत. समुद्रावरून बोचरा वारा सुटलेला. ज्यांनी दहा वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं ते पुढे उभे राहून फोटो काढत होते. आमच्यापुढे थोडीच माणसं उरली आणि आतून आवाज आला, सूप संपलं.

आत्सुमीसान दारचा कापडी पडदा बाजूला करून बाहेर आले. एकेकापाशी जाऊन माफी मागत होते, भिंतीला धरून. आमच्यापाशी आले. कुरामोचींनी तोंड उघडलं. ‘‘गुडघे...’’ म्हणाले आणि पुढचं वाक्य अडकलं ते अडकलंच.

‘‘हो, गुडघे,’’ आत्सुमीसान म्हणाले. ‘‘वाचलं मी. तुझं पान रोज वाचतो, दुकान आवरल्यावर. ‘बरं झालं’ वाचलं तेव्हा हायसं वाटलं मला. बाकी सगळे हळहळत होते. माझ्यासाठी खूश झालेला तू एकटाच.’’

मी थक्क झाले. मग संताप आला. ‘‘अहो, मग तसं तिथे लिहायचं ना! एका ओळीने मिटलं असतं सगळं! निदान किनुकोसानना सांगायचं!’’

‘‘तिला सांगितलं. ती म्हणाली, तुला दोन शब्द पुरले, मला नाही पुरत.’’ आत्सुमीसाननी मान खाजवली. ‘‘आणि तिथे लिहायचं म्हणजे त्या यंत्राला नाव सांगा, पासवर्ड सांगा. मला वाटलं, लिहिणारा तो आहे, तो बघून घेईल.’’

कुरामोची वाकले, ते पुन्हा सरळ व्हायलाच तयार नव्हते. आतून किनुकोसानची हाक आली आणि आत्सुमीसान वळले. त्या स्वतः बाहेर आल्या नाहीत. पुढेही रस्त्यात भेटल्या की त्या माझ्याशी बोलायच्या, कुरामोचींना मान हलवायच्या, बस्स.

टोकियोकरांना पुढच्या आठवड्यात झोडपायला दुसरं कुणीतरी मिळालं. कुरामोचींचं पान चालू राहिलं, पण ओळीचा परिच्छेद झाला. लेख काय आहे, मला काय वाटलं, काय वाटलं नाही, कुणाला दुखावण्याचा हेतू नाही. सगळं बिनचूक, सगळं सपक. मी अर्ध्यावर सोडायला लागले आणि त्यांना ते कळायचं, कारण मी हसायची थांबले होते.

उन्हाळ्यात एका दुपारी आत्सुमीसान काठी टेकत लॅबमध्ये आले. वर येईपर्यंत त्यांना धाप लागली होती.

‘‘अरे कुरामोची, काय चालवलंयस तू? पान पान लिहितोस! डोळे दुखतात माझे. आता वाचण्याखेरीज काय उरलंय मला आयुष्यात? थोडक्यात लिही.’’

कुरामोचींनी यंत्र बंद केलं. मी त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला.

‘‘थोडक्यात लिहिलं तर तुमच्या बायकोला लागतं! सविस्तर लिहिलं तर तुम्हाला त्रास! मी करायचं तरी काय? आणि इतकं वाचत होतात तर इतक्या वर्षांत एकदा तरी दुकानात म्हणालात का, वाचतो म्हणून?’’

‘‘तू तरी कुठे म्हणालास, सूप चांगलं आहे म्हणून?’’

‘‘चांगलंच होतं! म्हणून तर रोज यायचो!’’

‘‘मग हे तिला जाऊन सांग की!’’

‘‘त्या दार उघडतात का माझ्यासाठी?’’

ओनोदेरा आपल्या खोलीतून डोकावले आणि दार लावून घेतलं. मी एक स्टूल ओढून आत्सुमीसानना बसायला दिलं. त्यांनी बसता बसताही बोलणं थांबवलं नाही.