शेठजींच्या गाडीतला वारा

त्या दुपारी मुलगा दवाखान्यातून एकटाच परत आला. चपला काढल्या, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि न पिताच तो पेला धरून उभा राहिला... मी पेला त्याच्या हातातून काढून घेतला. तीन दिवसांपूर्वीच आमच्या ह्यांना तिथं भरती केलं होतं. आता ह्यांच्या माघारी पुण्यानुमोदनाचा विधी होऊन महिना झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. लोक ह्यांना जालन्यातले जुने ड्रायव्हर म्हणून ओळखतात. मी सांगते ते फक्त मला माहीत आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. हे एका सरकीच्या व्यापाऱ्याची गाडी चालवायचे. त्याआधी सात वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये काढलेली, तिथल्या यंत्रांच्या धडधडीनं कान मंदावलेले. शेठजींना गाडीत डुलकी घ्यायची सवय, आणि गाडीनं जरा वेग धरला की वारा फटींतून शिरून शिट्टी वाजवायचा. शेठजी ह्यांना म्हणाले, याचा काही बंदोबस्त कर, न्हाई तर मी बैलगाडीनं जातो, तिथं झोप तरी लागते.

आमचं ते वर्ष फार वाईट होतं. सुजाता, आमची पहिली लेक, पाच महिन्यांची होऊन तापानं गेली होती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी बजावलं होतं की गेलेल्या लेकराचं नाव घरात काढू नका, पुढच्याला अडतं. मी मग नावच काय, बोलणंच सोडलं. हो, न्हाई, भाकरी वाढू का... एवढंच. तसंही मोठ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, आणि एका खोलीच्या संसारात आत्याबाई कायम समोर. हे माझ्याकडं बघायचे अन् मान खाली घालायचे.

एका रविवारी ह्यांनी शेठजींची गाडी दारात आणली आणि आईला म्हणाले, शिट्टी कुठून येती ते मला बराबर ऐकू येईना, हिला नेतो, हिचे कान तिखट हायेत. आत्याबाईंनी लुगडं सावरलं. म्हणाल्या, सून मोटारीत बसून हिंडली तर गल्ली मला विचारील, मी बी येते. आणि पानाच्या डब्यासकट मागं जाऊन बसल्या.

मग कितीतरी रविवार आम्ही तिघं बदनापूरच्या रस्त्यानं जात राहिलो. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, निंबाच्या सावल्या काचेवरून पाण्यासारख्या वाहायच्या. सगळ्या फटींवर ह्यांनी चिकटपट्ट्या लावलेल्या. एकेक पट्टी काढायची, गाडी पळवायची आणि मी काचेला कान लावायचा. "इथून," मी म्हणायची. "जरा वरून... आता तुमच्या खांद्यापाशी." एवढं मी कित्येक दिवसांत बोलले नव्हते. ती बारीक शिट्टी शोधताना असं वाटायचं, लांब कुठंतरी पाळण्यात कुणी रडून राह्यलंय अन् मी त्याच्याकडं चाललेय, चाललेय, पण रस्ता काही सरत न्हाई...

हे दारात वर्तमानपत्राचा कपटा धरून दार लावायचे. कपटा सहज ओढून निघाला की तिथं फट. मग रबराच्या मागं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. टपावरच्या कॅरिअरच्या दांड्यांना सुतळीचे वेढे दिले, तशी त्यांची गुणगुण थांबली. पायाखाली घोंगडीचे तुकडे आले. एकदा पट्टी इतकी जाड लागली की मागचं दारच बसेना. आत्याबाई बदनापूरपर्यंत ते हातानं ओढून धरून बसल्या. "शेठला सांग," त्या लेकाला म्हणाल्या, "गाडीसंगं दार धरायला एक म्हातारी बी लागती."

शेवटी राहिली पुढची तिकोनी काच. तिची कडी सैल होती. ह्यांनी कडीखाली चामड्याची चकती बसवली आणि आम्ही निघालो. गाडीनं वेग धरला... आणि काहीच नाही. रस्ता पायाखालून गुपचूप सरकत होता, आम्ही जसे तरंगत होतो.

"आता कुठून?" ह्यांनी विचारलं.

"आता कुठूनच न्हाई."

मला एकदम भीती वाटली. सांगायला काही उरलंच नव्हतं. ह्यांनी समोरून नजर काढली नाही. हळूच म्हणाले, "मंग दुसरं काही सांग."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सुजाताची टाळू हाताला ऊन ऊन लागायची... अजून लागती."

बोलले, अन् मग ध्यानात आलं. मागं आत्याबाई होत्या. वाऱ्याच्या आवाजात आजवर आमचं पुढचं बोलणं मागं जात नव्हतं. आम्ही सगळ्या फटी बुजवल्या, आणि आता त्यांना आमचा श्वाससुद्धा ऐकू जात असणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. ह्यांनी स्टेअरिंग घट्ट धरलं. मी बोलणी खायला मान खाली घालून बसले.

मागं कर्र कर्र आवाज झाला. आत्याबाई आपली काच खाली करत होत्या. सगळी काच. थंडगार वारा धो धो करत आत आला.

"मला उकडून राह्यलंय," त्या म्हणाल्या. डोक्यावरून शाल ओढली, बाहेर तोंड केलं. "तुमचं तुम्ही चालू द्या."

त्या वाऱ्यात ह्यांना माझं काही ऐकू येईना. काय म्हणालीस, म्हणून पुन्हा पुन्हा विचारायचे. मग मी तिचं नाव मोठ्यानं घेतलं. आणखी मोठ्यानं. बदनापूर येईपर्यंत घेत राहिले...

पुढं घर मोठं झालं, मुलं झाली, वीज आली. मला काही सांगायचंय असं तोंडावर दिसलं की हे उठून आधी पंखा बंद करायचे, भर वैशाखातसुद्धा. मग खुर्ची जवळ ओढून डावा कान माझ्याकडं करायचे.

परवा दुपारी मी खोलीत तशीच बसले होते. पदर घामानं भिजला. सून डोकावली, म्हणाली, आई, लाईट गेली का. म्हटलं, न्हाई बाई, लाईट हाये. ती पंख्याच्या बटणाकडं गेली. मी म्हटलं, राहू दे, तू बस जरा. ती ह्यांच्या खुर्चीत बसली.

"तुझ्या नवऱ्याला एक मोठी बहीण होती," मी म्हटलं. "सुजाता तिचं नाव."